तडजोड का होत नाही? : अमेरिकेतील स्थलांतराचा प्रश्न



व्याख्यानमालेचे चिटणीस माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "आपण चुकीच्या घरी आलात." या व्यासपीठावरून मी आजवर मोठमोठ्या विद्वानांना ऐकले आहे, पण ते समोरच्या सतरंजीवर बसून. मी दहावीनंतर शाळा सोडली आणि एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो. पुढे कामगारांनी मला युनियनच्या कामात ओढले, तो आज पंचावन्नाव्या वर्षीही त्याच कामात आहे. माझे जे काही वाचन आहे ते नगर वाचनालयाच्या कृपेने, दुसऱ्या पाळीला जाण्यापूर्वीच्या दोन तासांत झालेले. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक आढळले तर आपण ते पोटात घालावे.

विषय अमेरिकेचा का निवडला, हेही सांगितले पाहिजे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा गेली पंधरा वर्षे न्यू जर्सीत संगणकाच्या कामावर आहे. तो गेला तेव्हा त्याची मुलगी चार वर्षांची होती. आज ती एकोणीस वर्षांची आहे. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, ज्याला आता आपल्याकडेही सगळे ग्रीन कार्ड म्हणतात, त्याचा अर्ज २०१६ सालापासून रांगेत आहे. मुलीला एकवीस वर्षे पूर्ण झाली की बापाच्या परवान्यावर तिला राहता येणार नाही. ज्या देशात ती लिहा-वाचायला शिकली, तिथेच तिला परक्या विद्यार्थिनीचा परवाना काढावा लागेल, नाही तर इकडे परत यावे लागेल. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, तुमचं आयुष्य करार करण्यात गेलं. मला एवढं सांगा, इथले दोन्ही पक्ष म्हणतात की हा कायदा मोडकळीला आलाय, दोघंही म्हणतात की तो बदलला पाहिजे. मग चाळीस वर्षांत यांच्यात एक करार का होत नाही?"

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी तेव्हापासून मी जमेल तसे वाचत आहे. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम तडजोड म्हणजे काय, याचा विचार करू. पुष्कळ सुशिक्षित माणसांना वाटते की तडजोड म्हणजे हिशेब. एकाने दहा मागितले, दुसऱ्याने चार देऊ केले, सातावर मिटले. वाटाघाटीच्या टेबलावर मी तीस वर्षांहून अधिक काळ बसत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की आकडा ही सर्वांत शेवटची आणि सर्वांत सोपी गोष्ट असते. करार उभा राहतो तो चार खुंट्यांवर. पहिली खुंटी अशी की समोर बसलेल्या माणसाला आपल्या लोकांच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार हवा. दुसरी, दिलेला शब्द पाळला जाईल असा भरवसा हवा. तिसरी, करार न झाल्यास दोघांचेही नुकसान व्हायला हवे. संपात कामगाराची चूल थंडावते आणि मालकाचे यंत्र थांबते, म्हणून तर शेवटी दोघे सही करतात. आणि चौथी, ज्याच्याविषयी करार व्हायचा त्याचा माणूस टेबलाशी बसलेला हवा. अमेरिकेतील या प्रश्नात या चारही खुंट्या ढिल्या आहेत. त्या एकेक करून पाहू. पण त्याआधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

अमेरिका हा बाहेरून आलेल्यांनी वसवलेला देश, हे आपण शाळेत शिकतो. पण आत आलेल्याने मागून येणाऱ्यासाठी दार लावून घ्यावे, हीही तिथली जुनीच रीत आहे. १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना बंदी करण्यात आली. या बंदीसाठी कॅलिफोर्नियात सर्वांत मोठा आवाज उठवला तो कामगारांच्या पक्षाने, आणि त्याचा पुढारी डेनिस कीर्नी हा स्वतः १८६८ साली आयर्लंडहून आलेला होता. अमेरिकन कामगार महासंघाचा संस्थापक सॅम्युएल गॉम्पर्स हा लंडनमध्ये जन्मलेला, तेराव्या वर्षी अमेरिकेत आलेला विडी-सिगारच्या धंद्यातला कामगार. त्याच्याविषयी मला आदर आहे. पण चिनी मजुरांच्या बंदीला त्याचाही पाठिंबा होता. आमच्या चळवळीच्या इतिहासातील हे पान मी झाकून ठेवणार नाही.

पुढे १९२४ साली देशवार कोटे ठरले आणि आशियातील लोकांना दार जवळजवळ बंदच झाले. १९४६ साली हिंदी लोकांसाठी दार किलकिले झाले, ते किती? वर्षाला शंभर माणसे! इमॅन्युएल सेलर नावाचे न्यूयॉर्कचे एक प्रतिनिधी होते. १९२४ चा कायदा झाला तेव्हा ते नुकतेच निवडून आलेले होते आणि त्यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. तो कोटा रद्द करणारा कायदा त्यांच्याच नावाने १९६५ साली झाला. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली. माझ्या भाच्याला मी सांगितले की तुझी चाळीस वर्षे तिथे काही नवी नाहीत.

हा १९६५ चा कायदाही तडजोडच होता. कौशल्यापेक्षा नातेवाइकांना अग्रक्रम द्यावा, असा आग्रह ओहायोचे मायकेल फीगन यांनी धरला. हिशेब असा की जे आधीच इथे आहेत त्यांचेच नातेवाईक येतील, म्हणजे युरोपीयच येतील, आणि देशाचा चेहरा बदलणार नाही. घडले नेमके उलटे. युरोपातील लोकांना येण्याची निकड उरली नव्हती. आशियातून आणि मेक्सिकोकडून माणसे आली, आणि मागोमाग त्यांचे भाऊ-बहिणी आले. तडजोड करणाऱ्यांनाच आपण काय केले हे पंचवीस वर्षांनी कळले. तेव्हापासून प्रत्येक मसुद्याकडे तिथला माणूस संशयाने पाहतो, की यातून उद्या काय निघेल? शिवाय तिथे जन्मलेले मूल जन्मतःच नागरिक होते, म्हणजे अठरा वर्षांनी मतदार होते. तेव्हा हा प्रश्न नुसता मजुरीचा राहत नाही, उद्याचे मतदार कोण याचा होतो.

त्याच कायद्याबरोबर दुसरी एक गोष्ट घडली. १९४२ पासून १९६४ पर्यंत मेक्सिकोतून शेतमजूर करारावर आणण्याची योजना चालू होती. सेझर चावेझ यांच्यासारख्या शेतमजूर पुढाऱ्यांचा तिला विरोध होता, आणि तो रास्त होता, कारण त्या मजुराला मालक बदलण्याची मुभा नव्हती. तक्रार केली की परत पाठवत. योजना बंद झाली, १९६८ पासून आपल्या गोलार्धातील देशांनाही अमेरिकेने पहिल्यांदाच मर्यादा घातली. कागदावर माणसे थांबली. पण शेतातले पीक थांबले नाही, मालकाची गरज थांबली नाही, मजुराची भूकही थांबली नाही. तोच माणूस, त्याच शेतात, त्याच कामावर येत राहिला. फक्त काल तो करारावर होता, आज बेकायदा झाला.

पुढे सरहद्दीवर पहारा वाढला, तेव्हा आणखी एक विचित्र परिणाम झाला. डग्लस मॅसी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने यावर अनेक वर्षे काम केले आहे. आपल्याला तो चटकन समजेल. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतो आणि उन्हाळ्यात गावी परततो. उद्या जर कोणी वाटेत नाका बसवला आणि सांगितले की परत गेलास तर पुढल्या साली इकडे येऊ देणार नाही, तर तो काय करील? तो परत जाणारच नाही; बायकामुलांना इकडे बोलावून घेईल. मेक्सिकोच्या मजुराने तेच केले. जो दरवाजा माणसे बाहेर ठेवण्यासाठी बांधला, त्याने आत आलेल्यांना आत कोंडले.

आता पहिल्यांदा दुसऱ्या खुंटीकडे, म्हणजे भरवशाकडे वळतो. कारण सगळे तिथेच बिघडले. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. वायोमिंगचे रिपब्लिकन सेनेटर सिम्प्सन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी मॅझोली यांनी तो अनेक वर्षे खपून घडवला होता. सौदा सरळ होता. जे बेकायदा आलेले पण १९८२ च्या आधीपासून राहत आहेत, त्यांना, आणि शेतमजुरांना, कायदेशीर करावे. आणि त्याच्या बदल्यात यापुढे बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड करावा. म्हणजे मागचे माफ आणि पुढचे बंद. सुमारे सत्तावीस लाख लोक या कायद्याने कायदेशीर झाले.

पण मालकाच्या दंडाचे काय झाले? मालकाने कामगाराची कागदपत्रे पाहायची, ती दिसायला खरी असली म्हणजे पुरे. आणि दंड व्हायचा तर मालकाने "जाणूनबुजून" कामावर ठेवले हे सिद्ध व्हायला हवे. ज्याने आयुष्यात एकदा तरी फॅक्टरी इन्स्पेक्टरची भेट पाहिली आहे, त्याला पुढचे सांगायला नको. खोट्या कागदांचा धंदा तेजीत आला, मालकाने हात झटकले, आणि १९९० मध्ये पस्तीस लाखांच्या आसपास असलेली बेकायदा राहणाऱ्यांची संख्या २००७ पर्यंत एक कोटी बावीस लाखांवर गेली. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजाने २०२३ मध्ये ती एक कोटी चाळीस लाख होती.

म्हणजे करार अर्धा रोखीचा निघाला आणि अर्धा उधारीचा. माफी त्याच वर्षी द्यायला सुरुवात करता येते. बंदोबस्ताला वर्षे लागतात. ज्यांनी बंदोबस्तासाठी मत दिले होते त्यांना वाटले की आपल्याला फसवले. तेव्हापासून ते म्हणतात, आधी बंदोबस्त, मग माफी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आधी बंदोबस्त दिला तर माफीचा दिवस उगवणारच नाही, कारण बंदोबस्त पुरा झाला असे तुम्ही कधी कबूलच करणार नाही. दोघांचीही शंका खोटी नाही. आपापला हिस्सा रोख आणि समोरच्याचा उधार, यावर दोघे अडून बसले आहेत.

आता पहिली खुंटी, शब्द देण्याच्या अधिकाराची. आपल्याला वाटते तिथे दोनच बाजू आहेत. निदान पाच आहेत, आणि त्या पक्षाप्रमाणे पडत नाहीत. रिपब्लिकन पक्षात शेतमालक आणि कारखानदार आहेत, त्यांना मजूर हवे आहेत. त्याच पक्षात असे मतदार आहेत की ज्यांना आपले गाव, आपली भाषा, कायद्याचे राज्य यांची चिंता वाटते. डेमोक्रॅटिक पक्षात स्थलांतरितांचे नातेवाईक व धर्मसंस्था आहेत. त्याच पक्षात कामगार संघटना आहेत, ज्यांना मजुरी पडण्याची भीती आहे. ही भीती म्हणजे निव्वळ द्वेष, असे म्हणून चालणार नाही. टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन या थोर कृष्णवर्णीय पुढारी सरकारी आयोगाच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या आयोगाने १९९५ साली कायदेशीर स्थलांतरही कमी करण्याची शिफारस केली होती. त्यांना कोणी वंशद्वेष्ट्या म्हणू शकत नाही.

२००७ साली अध्यक्ष बुश आणि सेनेटर केनेडी, म्हणजे उजव्या आणि डाव्या हाताची माणसे, एका मसुद्यावर एकत्र आली. त्यात मालकांसाठी पाहुण्या मजुरांची योजना होती. कामगार महासंघाचा तिला विरोध. मग ती योजना पाच वर्षांनी संपवावी अशी दुरुस्ती आली आणि ४९ विरुद्ध ४८ अशा एका मताने मंजूर झाली. मालकांना ज्या गोष्टीत रस होता तीच निघाली, तशी त्यांच्या बाजूची मते आणखी पातळ झाली. आणि जे डावीकडचे होते त्यांना उरलेला मसुदा आधीच कडक वाटत होता. २८ जून २००७ रोजी चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी साठ मते हवी होती, पडली ४६. असा मसुदा हा पत्त्यांच्या बंगल्यासारखा असतो; एक पत्ता नीट लावायला जावे तर दुसरा घसरतो.

२०१३ साली आणखी चांगला प्रयत्न झाला. आठ सेनेटर, दोन्ही पक्षांचे चार-चार, एकत्र बसले. या वेळी कामगार महासंघाचे अध्यक्ष रिचर्ड ट्रम्का, जे स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेले होते, आणि व्यापारी मंडळाचे अध्यक्ष टॉम डोनोह्यू, या दोघांनी आधीच आपसात करार केला. नवा मजूर येईल, पण त्याला स्थानिक दराने मजुरी मिळेल आणि मालक बदलण्याची मोकळीक राहील. मी ही कलमे वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. असा करार करायला मलाही आवडले असते. सेनेटने तो मसुदा ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केला.

आणि तरीही कायदा झाला नाही. प्रतिनिधिगृहाचे सभापती बेनर यांनी तो मतदानाला घेतलाच नाही. तिथे असा अलिखित नियम पडला होता की ज्याला सभापतीच्या स्वतःच्या पक्षातील बहुमत नाही, ते विधेयक आणायचे नाही. सगळ्या सभागृहाचे बहुमत असेल-नसेल, त्याला महत्त्व नाही. मतास टाकले असते तर ते मंजूर झाले असते, असे तेव्हा अनेकांचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी, जून २०१४ मध्ये, त्या पक्षाचे सभागृहातील दुसऱ्या क्रमांकाचे पुढारी एरिक कँटर हे पक्षांतर्गत उमेदवारीच्या निवडणुकीतच हरले. एका प्राध्यापकाने त्यांना हरवले, आणि त्यांच्यावरचा मोठा आरोप होता की हे स्थलांतराच्या प्रश्नात नरम आहेत. त्या दिवसापासून इतरांनी धडा घेतला.

मला याचे नवल वाटत नाही. आमच्याकडेही जो पुढारी मालकाबरोबर बंद खोलीत तास-दोन तास बसून बाहेर येतो, त्याच्याकडे फाटकावरचे कामगार कसे पाहतात ते मला ठाऊक आहे. करार चांगला असला तरी कोणीतरी ओरडतोच, "विकला गेला!" अशा वेळी पुढाऱ्याच्या मागे सभासदांची भक्कम संघटना असेल तरच तो तग धरतो. नसेल तर तो शब्द देऊ शकत नाही. आणि ज्याचा शब्द चालत नाही त्याच्याशी बोलून समोरच्याला काय लाभ?

तिसरी खुंटी नुकसानीची. चालू परिस्थितीने नुकसान कोणाचे होते? ज्याच्याकडे कागद नाहीत त्याचे, आणि रांगेत उभ्या असलेल्यांचे. पण त्यांना मत नाही. शेतमालकाला मजूर मिळतोच, आणि घाबरलेला मिळतो. पुढाऱ्याला तर प्रश्न सुटण्यापेक्षा पेटता राहणे अधिक सोयीचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओक्लाहोमाचे रिपब्लिकन लँकफर्ड, कनेक्टिकटचे डेमोक्रॅट मर्फी आणि ॲरिझोनाच्या स्वतंत्र सेनेटर सिनेमा यांनी चार महिने खपून सरहद्दीच्या कडक बंदोबस्ताचा मसुदा तयार केला. त्यात बेकायदा राहणाऱ्यांना माफीचे कलमही नव्हते. म्हणजे एका बाजूने पूर्वीची मुख्य मागणीच सोडली होती. पण ट्रम्प यांनी त्याला उघड विरोध केला, निवडणुकीचे वर्ष होते, आणि तीन-चार दिवसांत तो ४९ विरुद्ध ५० मतांनी पडला. जे मागितले ते मिळत असताना ते नाकारण्यात आले. संप चालू ठेवण्यातच ज्याचा फायदा आहे, त्याच्याशी संप मिटवण्याच्या अटी कशा ठरवणार?

शिवाय करारावाचून काम भागवण्याचे मार्ग दोन्ही पक्षांनी शोधले आहेत. २०१२ साली अध्यक्ष ओबामांनी हुकूम काढून लहानपणी आणलेल्या मुलांना तात्पुरते अभय दिले. २०१७ साली दुसऱ्या अध्यक्षांनी ते मागे घेतले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते मागे घेणे एका मताने रद्द ठरवले. ४ जुलै २०२५ रोजी अंदाजपत्रकाच्या वाटेने, जिथे साध्या बहुमतावर भागते, धरपकड व बंदोबस्तासाठी सुमारे १७० अब्ज डॉलरची तरतूद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी तंत्रज्ञाच्या नव्या परवान्यावर एक लाख डॉलरचा आकार बसवणारा हुकूम निघाला. हुकमाने मिळालेले हुकमाने जाते. पण ते चटकन मिळते, आणि त्यासाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नाही. म्हणून कराराची सवयच मोडत चालली आहे.

आता चौथी खुंटी, आणि इथे मला माझ्या स्वतःविषयी बोलले पाहिजे.

२००३ सालची गोष्ट. एका कारखान्यात आमची युनियन होती. साडेतीनशे कायम कामगार, आणि बिहार-ओरिसाकडचे दोनशे कंत्राटी, एका खोलीत दहा-दहा राहणारे. आमच्या मागणीपत्रकात दोन मुख्य मागण्या होत्या, पगारवाढ आणि कंत्राटी कामगारांना टप्प्याटप्प्याने कायम करणे. मालक म्हणाले, पगारवाढीवर आज सही करू, कंत्राटींच्या प्रश्नासाठी समिती नेमू, सहा महिन्यांत निकाल लावू. टेबलावर आम्ही सात जण होतो. सातही कायम कामगारांचे प्रतिनिधी. कंत्राटींचा एकही नव्हता, कारण आम्ही त्यांना सभासदच करून घेतले नव्हते. आम्ही सही केली. फाटकावर गुलाल उधळला गेला, माझ्या गळ्यात हार पडले. त्या गर्दीतून एक पोरगा पुढे आला आणि त्याने मला विचारले, "भाऊ, हमारा क्या हुआ?" मी म्हणालो, "कमिटी बनी है." समिती दोनदा बसली. ते सहा महिने आजतागायत संपलेले नाहीत. चार वर्षांनी पुढचा करार आला तेव्हा कंत्राटी कायम कामगारांहून जास्त झाले होते. आम्ही संप केला, आतली यंत्रे चालू राहिली, संप फुटला. मालकाने आम्हाला हरवले असे मी पुष्कळ दिवस सांगत असे. खरे म्हणजे आम्ही २००३ सालीच हरलो होतो, हार घालून घेताना.

अमेरिकेच्या कामगार चळवळीलाही हे असेच, ठेच लागूनच कळले. १९८६ साली महासंघाने मालकाच्या दंडाला पाठिंबा दिला होता. प्रत्यक्षात काय झाले? युनियनचे काम करणाऱ्या कामगारावर मालक अचानक कागद तपासण्याची तत्परता दाखवू लागला. कॅलिफोर्नियातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात युनियनसाठी खटपट केली म्हणून एका कामगाराला काढले. काढणे बेकायदा ठरले. पण त्याच्याकडे कागद नव्हते, म्हणून त्याला मागचा पगार मागण्याचा हक्क नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. याचा अर्थ असा की जो मालक असा कामगार ठेवील, त्याला युनियन मोडणे स्वस्त पडेल. मग त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नागरिक कामगाराची मजुरी टिकेल कशी? महासंघाने २००० सालीच आपले धोरण बदलले होते आणि या लोकांना कायदेशीर करण्याची मागणी केली होती. ज्या संघटनेने शंभर वर्षांपूर्वी दार बंद करा म्हटले, तिनेच हे म्हणावे, हा बदल लहान नाही. तरीही ते लोक मतदार नाहीत. त्यांच्या वतीने दुसरेच बोलतात, आणि दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याला शेवटच्या घटकेला काय सोडून द्यावेसे वाटते, ते मी माझ्या उदाहरणाने आपल्याला सांगितले.

आता भाच्याच्या रांगेविषयी थोडे सांगून संपवतो, कारण आपल्या गावातीलही काही घरांचा तो प्रश्न आहे. १९९० च्या कायद्याप्रमाणे नोकरीच्या मार्गाने वर्षाला एक लाख चाळीस हजार ग्रीन कार्डे, त्यात बायका-मुलेही धरलेली. आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक नाही. लहानशा आइसलंडला जी मर्यादा तीच हिंदुस्थानला. ही मर्यादा उठवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. सेनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या शब्दांत ते एकमताने मंजूर केले. दोन्ही सभागृहे अनुकूल! पण दोन मसुदे वेगळे होते, त्यांचा मेळ बसण्याआधी महिनाभरात मुदत संपली आणि विधेयक मेले. हे नुसते दुर्दैव म्हणता येणार नाही. एकूण कार्डांची संख्या वाढवायला कोणी तयार नव्हते. म्हणजे भाकरी तेवढीच, आणि आमच्या मुलाला लवकर मिळायची तर दुसऱ्या देशाच्या परिचारिकेला थांबावे लागणार. रांगेत उभे असलेलेच एकमेकांचे विरोधक झाले. भाकरी मोठी करा, ही मागणी सर्वांनी मिळून करायची, तर रांगेतल्यांची एक संघटना नाही. इंजिनियर म्हणतो, मी त्या टोमॅटो तोडणाऱ्यासारखा नाही, मी कायद्याने आलो आहे. कायम कामगार कंत्राटीकडे पाहून नेमके हेच म्हणत असतो.

भाच्याला मी गेल्या आठवड्यात फोन केला. त्याला म्हणालो, बाबा रे, तिथे कोणी मूर्ख आहेत म्हणून करार अडलेला नाही. मागच्या कराराचा अर्धा भाग उधार राहिला, म्हणून भरवसा नाही. पुढाऱ्यांच्या मागे त्यांची माणसे उभी राहत नाहीत, म्हणून शब्द नाही. ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना प्रश्न पेटता ठेवण्याची किंमत द्यावी लागत नाही. आणि ज्याच्या पानावर काय वाढायचे ते ठरते आहे, तो पंगतीबाहेर उभा आहे. यातली एखादी गोष्ट जरी बदलली तरी करार पुढे सरकेल. १९६५ साली सरकला, १९८६ साली सरकला. तो म्हणाला, "मामा, पण माझी मुलगी दोन वर्षांत एकवीस वर्षांची होणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. करार लांबतो तेव्हा कोणाचे तरी वय वाढत असते.

श्रोतेहो, अमेरिकेला शहाणपण शिकवण्यासाठी मी आज उभा राहिलो नाही. त्यांचा प्रश्न ते सोडवतील. पण उद्या सकाळी आपल्या औद्योगिक वसाहतीकडे निघाल्यावर रस्त्याच्या कडेला उभी असलेली, खांद्याला डबा लटकावलेली परप्रांतीय पोरे आपल्याला दिसतील. ती आपल्याच देशाचे नागरिक आहेत; त्यांना कोणताही परवाना लागत नाही. तरी त्यांच्याविषयी जे ठरते त्या टेबलाशी त्यांचा माणूस बसलेला आहे की नाही, एवढे आपण एकदा पाहावे. मला त्या पोराला अजून उत्तर द्यायचे आहे. गेल्या वर्षापासून आमच्या युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासद होता येते. पन्नासएक झाले आहेत, आणि कार्यकारिणीत त्यांचा एक जण आहे. तेवीस वर्षे उशीर झाला, हे मला कबूल आहे.